वजन नसलेल्या रक्ताची मोजदाद

उभ्या माणसाच्या शरीरात रक्ताचा एक उंच स्तंभ असतो आणि त्या स्तंभाला वजन असते. हृदयाच्या पातळीवर धमन्यांतला सरासरी दाब १०० मिमी पारा धरला, तर त्याच क्षणी पावलांच्या धमन्यांत तो २०० च्या घरात असतो आणि डोक्यात ७० च्या आसपास. हृदय दोन्हीकडे सारख्याच जोराने रक्त ढकलते. हा फरक पडतो तो मुख्यतः स्तंभाच्या वजनामुळे. साधारण १३ सेंटिमीटर खाली उतरले की दाब १० मिमीने चढतो, तेवढेच वर गेले की तितकाच उतरतो. दवाखान्यात रक्तदाब मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायला सांगतात, त्याचे कारण हेच.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात हा स्तंभ असून नसल्यासारखा होतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. पण स्थानक, त्यातला माणूस आणि त्या माणसाच्या अंगातले रक्त हे सगळे एकत्रच पृथ्वीकडे पडत असल्यामुळे कशाचाही भार कशावर येत नाही. मग डोके, छाती आणि पावले यांतल्या दाबाचा फरक जवळपास मिटतो. पायांकडचे दीड-दोन लिटर द्रव छाती आणि डोक्याकडे सरकते, चेहरा सुजतो, मानेच्या शिरा फुगतात, पोटऱ्या बारीक होतात. हे बदल डोळ्यांना दिसतात. आत हृदयाचे आणि रक्तप्रवाहाचे नेमके काय होते हे मात्र मोजूनच कळते, आणि मोजायचे म्हणजे शक्यतो सुई न टोचता, नळी न घालता.

तसे मोजण्यामागे कारणे आहेत. अंतराळवीर हा धडधाकट माणूस असतो. त्याच्या धमनीत नळी घालून रक्तस्रावाचा किंवा जंतुसंसर्गाचा धोका पत्करणे योग्य ठरत नाही. तिथे शस्त्रक्रियागृह नाही, बहुतेक वेळा डॉक्टरही नाही. शिवाय मोजणी एकदाच करून भागत नाही, सहा-सहा महिने वारंवार करावी लागते. म्हणून सगळी भिस्त कातडीवरून, बोटावरून, श्वासावरून मिळणाऱ्या संकेतांवर. पण बाहेरून मोजलेली प्रत्येक गोष्ट हा आतल्या स्थितीविषयी बांधलेला अंदाज असतो, आणि जमिनीवर ते अंदाज बांधताना वजन गृहीत धरलेले असते. वजन गेले की प्रत्येक उपकरणाचे हे गृहीतक पुन्हा तपासावे लागते. या शास्त्रातला खरा कस तिथेच लागतो.

सर्वांत सोपा संकेत हृदयाच्या विजेचा. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडना गुरुत्वाकर्षणाशी काही घेणेदेणे नसते, म्हणून ईसीजी पहिल्यापासूनच अंतराळात गेला. नोव्हेंबर १९५७ मध्ये स्पुटनिक-२ मधून लायका या कुत्रीच्या हृदयाचे ठोके जमिनीवर नोंदले गेले. उड्डाणाच्या धक्क्याने वाढलेली तिची नाडी पूर्ववत व्हायला जमिनीवरच्या चाचण्यांच्या सुमारे तिप्पट वेळ लागला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांचा ईसीजी पृथ्वीवर आला. १९७१ मध्ये अपोलो-१५ मोहिमेतील जेम्स अर्विन यांच्या ठोक्यांतली अनियमितता जमिनीवरच्या डॉक्टरांनी याच रेषांवरून टिपली. ठोक्याठोक्यांमधल्या अंतरांत होणारे बारीक चढउतार मोजले, की स्वायत्त मज्जासंस्था हृदयावर कसा ताबा ठेवते आहे याचाही माग लागतो. हृदयाची छातीतली जागा मात्र थोडी बदलते, कारण पोटातल्या अवयवांचे वजन गेल्याने मधला पडदा वर सरकतो. त्यामुळे आलेखातल्या लाटांची दिशा बदलली तर तो बदल हृदयाच्या विजेतला आहे की केवळ हृदय वळल्यामुळे आहे, हे आधी पाहावे लागते. १९८४ मध्ये राकेश शर्मा सल्युत-७ वर गेले तेव्हा त्यांच्या कार्यक्रमातला ‘वेक्टर’ हा प्रयोग हृदयाच्या याच विद्युत क्रियेचा होता.

रक्तदाबाचे प्रकरण इतके सरळ नाही. पाऱ्याचे जुने यंत्र अंतराळात चालतच नाही, कारण त्यात दाब तोलला जातो तो पाऱ्याच्या वजनाने, आणि तिथे पारा वजनच दाखवत नाही. म्हणून तिथे पातळ पडद्याचे किंवा इलेक्ट्रॉनिक दाबमापक लागतात. जॉन ग्लेन यांच्या फेब्रुवारी १९६२ च्या उड्डाणात दंडाच्या पट्ट्यात मायक्रोफोन बसवला होता, तो धमनीतला आवाज पकडून पाठवत असे. स्टेथोस्कोप लावून ऐकणे यानात अवघड जाते, कारण हवा फिरवणारे पंखे अष्टौप्रहर चालू असतात. ते बंद करता येत नाहीत. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही, त्यामुळे पंखा थांबला तर श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड नाकातोंडाभोवतीच साचून राहील.

दंडाचा पट्टा काही मिनिटांतून एक आकडा देतो. प्रत्येक ठोक्याचा दाब हवा असेल तर बोटावरचा छोटा पट्टा वापरतात. ही कल्पना चेक शास्त्रज्ञ यान पेन्याझ यांनी १९७३ मध्ये मांडली आणि नेदरलँड्समध्ये कारेल वेसेलिंग यांनी तिला व्यवहारात वापरता येईल असे रूप दिले. बोटाभोवतीच्या पट्ट्यात एका बाजूला अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि समोर प्रकाश टिपणारा संवेदक असतो. ठोक्यासरशी बोटातली धमनी फुगू लागली की रक्त वाढते आणि पलीकडे पोचणारा प्रकाश कमी होतो. त्याच क्षणी झडप पट्ट्यातली हवा वाढवते आणि धमनीला फुगू देत नाही. धमनी आकसू लागली की हवा तितकीच कमी होते. हे सेकंदात अनेकदा घडते. धमनीचा आकार असा जागच्या जागी धरून ठेवायला पट्ट्यात क्षणोक्षणी जितका दाब द्यावा लागतो, तोच धमनीतला दाब. तासन्‌तास दाबून बोट बधिर होऊ नये म्हणून दोन बोटांवर आळीपाळीने पट्टा चालवायची सोयही काही यंत्रांत असते.

आता हात खाली लोंबत असेल तर बोटातला दाब हृदयापेक्षा कितीतरी जास्त येणार. ही चूक काढण्यासाठी या यंत्राला द्रवाने भरलेली एक बारीक नळी जोडतात. तिचे एक टोक बोटाशी, दुसरे हृदयाच्या पातळीवर. नळीतल्या द्रवाचे वजन जितका दाब दाखवते, तितकी वजाबाकी यंत्र करते. ही नळी अंतराळात नेली तर तिच्यातल्या द्रवालाही वजन उरत नाही. ती शून्य दाखवते, आणि तिथे वजाबाकी शून्यच हवी असते. अशीच परीक्षा विमानात होते. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेरिन्याक विमानतळावरून उडणारे एक खास एअरबस कमानीसारखा मार्ग घेते आणि प्रत्येक कमानीत वीस-बावीस सेकंदांची वजनरहित अवस्था देते. एका उड्डाणात अशा ३१ कमानी असतात. प्रत्येक कमानीच्या आधी आणि नंतर अंगावर जवळपास पावणेदोन पट भार येतो. तेव्हा नळीतला द्रवही तितकाच जड होतो आणि वजाबाकी आपोआप वाढते. मात्र यंत्रात उंचीतला फरक पट्टी लावून मोजून आकड्याच्या रूपात भरलेला असेल, तर तो आकडा अंतराळात सपशेल चुकीचा ठरतो. हात डोक्यावर असो वा कमरेशी, तिथे फरक नसतोच.

दाब समजला तरी हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते हे समजत नाही. त्यासाठी एक चांगली युक्ती श्वासाची आहे. एका पिशवीत दोन वायू अल्प प्रमाणात मिसळतात. एक, सल्फर हेक्झाफ्लोराइड, रक्तात जवळजवळ विरघळत नाही; दुसरा, नायट्रस ऑक्साइड, विरघळतो. अंतराळवीर त्याच पिशवीतून काही वेळ श्वास घेतो-सोडतो. न विरघळणाऱ्या वायूवरून फुप्फुसातल्या हवेचे आकारमान कळते, आणि विरघळणारा वायू किती झपाट्याने नाहीसा होतो यावरून फुप्फुसातून वाहणारे रक्त. फुप्फुसातून जाते तितकेच रक्त हृदय पुढे ढकलते, म्हणून हाच आकडा हृदयाच्या कामाचा. या गणितात वजन कुठेच येत नाही, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान.

पीटर नॉर्स्क आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ अंतराळवीरांवर ही पद्धत आणि चोवीस तास चालणारा दंडाचा पट्टा दोन्ही वापरले. स्थानकावर काही महिने राहिल्यानंतर हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारे रक्त जमिनीवरच्यापेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी, तर एका ठोक्यातले सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त भरले. तरीही रक्तदाब ८ ते १० मिमीने कमी. जास्त रक्त ढकलूनही दाब उतरतो याचा अर्थ शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्या बऱ्याच सैल झाल्या आहेत. त्यांचा विरोध ३९ टक्क्यांनी घटलेला निघाला. नुसता पट्टा नेला असता तर ‘दाब थोडा कमी आहे’ एवढीच नोंद झाली असती. दोन मोजण्या शेजारी ठेवल्या म्हणून खरे चित्र दिसले.

दोन मोजण्या शेजारी ठेवण्याचे याहून मोठे उदाहरण १९९० च्या दशकातले आहे, आणि त्यात एक मोजणी नळी घालूनच केलेली होती. अंतराळात रक्त छातीकडे सरकते, तेव्हा हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब वाढणार, असे सगळेच मानत होते. जून १९९१ मध्ये कोलंबिया शटलवरील स्पेसलॅब मोहिमेत डॉक्टर असलेले अंतराळवीर ड्रू गॅफनी यांनी दंडाच्या शिरेतून थेट छातीपर्यंत नळी घालून घेतली आणि तशीच ठेवून उड्डाण केले. पुढे १९९३ च्या मोहिमेतही ही मोजणी झाली. वजनरहित अवस्था सुरू होताच दाब वाढण्याऐवजी घसरला. उड्डाणाआधी पाय वर करून निजलेल्या स्थितीत होता त्याच्या कितीतरी खाली, बसलेल्या माणसाच्या पातळीपेक्षाही खाली गेला. त्याच मोहिमांत टू-डी इकोने मात्र हृदय मोठे झालेले दाखवले. डाव्या जवनिकेचा पूर्ण भरलेल्या स्थितीतला व्यास सुमारे ४.६ सेंटिमीटरवरून पाचच्या जवळ गेला होता.

आत येणारा दाब कमी, तरी हृदय जास्त भरलेले, ही विसंगती वाटते. उलगडा असा की हृदय फुगते ते आतल्या दाबाने नव्हे, आतल्या आणि बाहेरच्या दाबातल्या फरकाने. छातीचा पिंजरा आणि पोट यांचे वजन नाहीसे झाले की छाती मोकळी होते आणि हृदयाभोवतीचा दाब शिरेतल्या दाबापेक्षाही जास्त उतरतो. कमानी उडणाऱ्या विमानात, छातीतल्या दाबाचा अंदाज देणारा अन्ननलिकेतला दाब मोजून डेन्मार्कच्या संशोधकांनी १९९७ मध्ये हे दाखवून दिले: शिरेतला दाब किंचित उतरला, अन्ननलिकेतला त्याच्या कित्येक पट, आणि त्याच वेळी डावी कर्णिका इकोवर मोठी दिसली. तेव्हा बाहेरून घेतलेल्या चित्राने सांगितलेले खरे होते आणि नळीने सांगितलेलेही खरे होते. चुकला होता तो जमिनीवरून नेलेला हिशेब. एका माणसाने पत्करलेल्या त्या नळीमुळे पुढच्या कित्येकांच्या इकोचा अर्थ नीट लावता आला. त्या धाडसाचे मोल या शास्त्रात आजही मोठे आहे.

अंतराळात इकोची सुरुवात १९८२ मध्ये झाली. फ्रान्सचे जाँ-लू क्रेत्याँ सल्युत-७ वर गेले तेव्हा त्यांच्यासोबत फ्रेंच बनावटीचे अल्ट्रासाऊंड यंत्र होते. आज स्थानकावर हे नेहमीचे साधन आहे, पण चांगले चित्र मिळवायला हात सरावलेला लागतो. प्रोब छातीवर टेकवून दाबला तर वजनरहित माणूस स्वतःच मागे ढकलला जातो, म्हणून आधी पाय अडकवून, पट्ट्यांनी बांधून घ्यावे लागते. जमिनीवरचा तज्ज्ञ पडद्यावर चित्र पाहत ‘थोडे वर, आता फिरवा’ असे सांगत जातो. पुढे फ्रेंच संशोधकांनी असा प्रोब बनवला, की अंतराळवीराने तो नुसता जागेवर धरायचा आणि त्याच्या आतला भाग जमिनीवरून फिरवायचा. इकोनेच २०१४ मध्ये बारा अंतराळवीरांच्या अभ्यासात दाखवले की अंतराळात हृदयाचा आकार ९.४ टक्क्यांनी अधिक गोलाकार होतो.

एक मोजणी मात्र अशी आहे, की जिच्यासाठी अंतराळ हीच सर्वांत उत्तम जागा. हृदय प्रत्येक ठोक्याला सत्तरएक मिलिलिटर रक्त जोराने बाहेर फेकते, त्याची प्रतिक्रिया म्हणून सगळे शरीर उलट दिशेला मिलिमीटरच्या अंशाएवढे सरकते. होडीतून किनाऱ्यावर उडी मारली की होडी मागे जाते, तसे. या हालचालीच्या नोंदीला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. अमेरिकेत आयझॅक स्टार यांनी १९३९ मध्ये लोंबत्या पलंगावर माणसाला निजवून ती पद्धतशीर नोंदवली. पण जमिनीवर अडचण कायमची: शरीर पलंगावर घासते, पलंगाची स्वतःची थरथर संकेतात मिसळते आणि फक्त डोके-पाय या दिशेचीच हालचाल नीट मिळते. पुढे इको आल्यावर ही पद्धत रुग्णालयांतून मागे पडली.

अंतराळात तरंगणाऱ्या शरीराला कशाचाच आधार नसतो. त्याला बांधलेला हालचालमापक डोके-पाय, डावी-उजवी आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांचे हादरे शुद्ध स्वरूपात देतो. सोव्हिएत संशोधक रोमान बायेव्स्की यांनी सल्युत-६ च्या काळापासून याचा पाठपुरावा केला. राकेश शर्मा यांच्या मोहिमेत ‘बॅलिस्टो’ नावाचा प्रयोग होता, आणि १९९३ च्या जर्मन स्पेसलॅब मोहिमेतही तिन्ही दिशांच्या नोंदी झाल्या. त्यांतून हे स्पष्ट झाले की डोके-पाय या एकाच दिशेवर विसंबणे अपुरे आहे. बलाचा मोठा वाटा इतर दिशांनाही जातो आणि श्वास आत-बाहेर होतो तशी त्यांची वाटणी बदलते. ही नोंद घेताना अंतराळवीराने भिंतीला, दोरीला, कशालाही न टेकता स्थिर तरंगत राहावे लागते. एखादी वायर ताणली गेली तरी नोंद बिघडते. रशियाच्या ‘सोनोकार्ड’ प्रयोगात हेच तत्त्व झोपेत वापरले गेले. टी-शर्टच्या छातीवरच्या खिशात एक छोटा संवेदक ठेवायचा आणि झोपी जायचे. कातडीवर काहीही न चिकटवता रात्रभराचे ठोके आणि श्वास नोंदले जातात.

छातीतून अतिशय क्षीण, अंगाला न जाणवणारा, वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह पाठवून तिचा विद्युतरोध मोजणे ही आणखी एक पद्धत. रक्त विजेचे चांगले वाहक, हवा वाईट. म्हणून ठोक्यासरशी रोध किंचित घटतो आणि त्या घटीवरून एका ठोक्यात बाहेर पडलेल्या रक्ताचा अंदाज येतो. विल्यम क्युबिचेक आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९६६ मध्ये ती नासासाठीच विकसित केली. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावर रक्तप्रवाह तपासणारी उपकरणे रुग्णालयांसाठी बनवली. अंतराळात हिची मर्यादा लवकर लक्षात येते: छातीत द्रव साचल्याने मूळचा रोधच बदललेला असतो, त्यामुळे जमिनीवरचे सूत्र तसेच लावता येत नाही. दिवसागणिक होणारा बदल पाहायला ती चांगली, नेमका आकडा सांगायला कमी भरवशाची.

या सगळ्या साधनांतून अलीकडे निघालेला सर्वांत गंभीर शोध मानेतल्या शिरेचा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकरा अंतराळवीरांच्या मानेच्या डाव्या शिरेची अल्ट्रासाऊंड तपासणी होती. उड्डाणाच्या पन्नासाव्या दिवसाच्या आसपास त्यांपैकी सहा जणांत रक्त जवळजवळ थांबलेले किंवा उलट वाहताना आढळले, आणि एकाच्या शिरेत गुठळी सापडली. त्या व्यक्तीला काहीही त्रास होत नव्हता. तपासणी नसती तर गुठळी कळलीच नसती. उभ्या माणसाच्या मानेतून रक्त खाली यायला वजनाची मदत असते, ती इथे नाही. सापडलेल्या गुठळीवर रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली. त्यांचा साठा मर्यादित असल्याने मात्रा काटकसरीने ठरवावी लागली, पुढच्या मालयानातून आणखी औषध पोचवले गेले, आणि जमिनीवरचे तज्ज्ञ अंतराळवीराच्या हातून वेळोवेळी शिरेचे चित्र घेऊन गुठळी किती घटली ते पाहत राहिले. कमरेखालच्या भागाभोवती हवेचा दाब कमी करणाऱ्या नळकांड्यात उभे केले तर रक्त पायांकडे ओढले जाते. त्या अभ्यासात अशा १७ तपासण्यांपैकी १० वेळा मानेतला प्रवाह सुधारलेला दिसला.

रोजच्या नोंदींसाठी आता अंगावर घालायचे कपडेच साधन होत आहेत. कॅनडाच्या अंतराळ संस्थेचा संवेदक विणलेला सदरा डेव्हिड सँ-जाक यांनी २०१९ मध्ये स्थानकावर घालून पाहिला. तो ईसीजी, श्वास, त्वचेचे तापमान, रक्तातला ऑक्सिजन आणि हालचाल सतत नोंदवतो, शिवाय नाडीची लाट हृदयापासून पुढे पोचायला लागणाऱ्या वेळेवरून रक्तदाबाचा अंदाज देतो. हा अंदाज धमन्यांच्या कडकपणावर अवलंबून असतो, आणि कॅनडाच्याच संशोधकांना सहा महिन्यांच्या मुक्कामात मानेतल्या धमन्या दहा ते वीस वर्षांनी वय वाढावे इतक्या कडक झालेल्या आढळल्या होत्या. म्हणून सदऱ्याचे गणित अधूनमधून दंडाच्या पट्ट्याशी ताडून पुन्हा जुळवावे लागते.

मंगळाच्या वाटेवर जमिनीचा आधारही तुटतो. तिथून संदेश पोचायला एका दिशेने तीन ते बावीस मिनिटे लागतात, त्यामुळे ‘प्रोब थोडा वर घ्या’ असे कोणी सांगू शकणार नाही. योग्य चित्र कोणते, शीर कुठली आणि तिच्यातले रक्त वाहते आहे की थांबले आहे, हे यानातल्या माणसांना आणि त्यांच्या यंत्रांना स्वतःच ठरवावे लागेल.